ठराव आणि अंमल : सुरत शहराच्या कारभारातून घ्यावयाचा बोध

सकाळी नळाला येणारे पाणी, दारासमोरून वाहणारे गटार, गल्लीच्या तोंडावरची कचराकुंडी, रात्रीचा रस्त्यावरचा दिवा, मुलाच्या जन्माचा दाखला आणि शेवटी स्मशानभूमीतील व्यवस्था, या साऱ्या गोष्टी नगरपालिकेच्या हाती असतात. सामान्य माणसाचा नगरपालिकेशी जितका रोजचा संबंध येतो, तितका मुंबईच्या मंत्रालयाशी किंवा दिल्लीच्या संसदेशी येत नाही. तरीही आपल्या वस्त्यांत विधानसभेच्या निवडणुकीवर जेवढी चर्चा होते, तेवढी महापालिकेच्या अंदाजपत्रकावर होत नाही. ही उदासीनता आपल्याला परवडणारी नाही, कारण नागरी सेवा कोलमडतात तेव्हा पहिला फटका गरिबांच्या वस्तीला बसतो.

नगरपालिकेच्या ठरावाचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव झाला म्हणून कोणाला पाण्याचा थेंब मिळाला नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना तळ्यावर चालत जावे लागले. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव मागेही घेतला. कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्ष अंमल यांत किती अंतर असते, याचे याहून मोठे उदाहरण दुसरे नाही.

हे अंतर कशाने पडते व कशाने कमी होते, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात सुरत या औद्योगिक शहराचे उदाहरण घेतले आहे. सुरत गुजरातेत असले तरी ते आपल्याला परके नाही. तेथील यंत्रमाग आणि कापड प्रक्रिया कारखान्यांत खानदेशातून गेलेले हजारो मराठी कामगार राबतात. लिंबायत, उधना या भागांत मराठी बोली सर्रास कानावर पडते.

१९९४ चा सप्टेंबर महिना

सुरत हे हिऱ्याला पैलू पाडण्याचे, जरीचे आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाचे शहर. कामाच्या शोधात खानदेश, सौराष्ट्र, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून माणसे येत गेली. १९८१ साली शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. ती १९९१ साली सुमारे १५ लाखांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली. कारखाने वाढले, माणसे वाढली. परंतु त्या प्रमाणात जलवाहिन्या, भुयारी गटारे आणि शौचालये वाढली नाहीत. कामगार मिळेल त्या सखल जागेत, खाडीच्या काठी झोपडी बांधून किंवा एका खोलीत पाळीपाळीने झोपून दिवस काढू लागले.

१९९४ च्या पावसाळ्यात तापी नदीला पूर आला. सखल वस्त्यांत पाणी साचले, मेलेली जनावरे व कचरा कुजत पडला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण दगावू लागल्याची बातमी पसरली. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेत तर भीतीने हाहाकार उडाला. काही दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून निघाली. अनेक डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारातून दिसेनाशा झाल्या. परदेशांनी भारतातून जाणारी विमाने व माल अडवला. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

येथे एक शास्त्रीय बाब विद्यार्थी मित्रांनी लक्षात घ्यावी. कचऱ्यातून प्लेग जन्माला येत नाही. प्लेगचा जंतू उंदरासारख्या प्राण्यांत असतो, पिसवांमार्फत माणसाकडे येतो आणि फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातील थेंबांतून माणसाकडून माणसाकडे जातो. कचरा, साचलेले पाणी व दाटीवाटी यांमुळे उंदरांना अन्न व आसरा मिळतो आणि आजारी माणूस इतरांच्या अगदी जवळ राहतो. म्हणून रोगाला शहराच्या अव्यवस्थेची साथ मिळते. हा रोग नेमका कोणता यावर तेव्हा तज्ज्ञांत वादही झाला. परंतु शहराची आरोग्यव्यवस्था कोलमडली होती, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते.

प्लेगच्या साथीची आठवण आपल्याला आणखी मागे घेऊन जाते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, एका श्रीमंत औद्योगिक शहरात तीच भीती पुन्हा उभी राहावी, ही गोष्ट साऱ्या देशाला खाली मान घालावयास लावणारी होती.

कायदा तोच, माणसे तीच

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे सुरत महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. पुढील दीड-दोन वर्षांत शहराचे रूप इतके पालटले की, १९९६ साली इनटॅक या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. हे कसे घडले?

बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर सुरतेचा कायदा एकच होता. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा कायदा गुजरातेत सुरतेला लागू होता आणि महाराष्ट्रात पुणे, पिंपरी-चिंचवड यांसारख्या शहरांना लागू होता. (महाराष्ट्रात आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो.) या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत : सफाई, गटारे, दिवाबत्ती, पाणी, साथीच्या रोगांना प्रतिबंध इत्यादी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. म्हणजे सफाई करणे ही महापालिकेची मेहेरबानी कधीच नव्हती. कर्मचारीही बव्हंशी तेच होते. मग बदलले काय? बदलली ती कामाची मांडणी. तिचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला भाग अधिकाराच्या वाटपाचा. सर्वसाधारणपणे महापालिकेत तक्रारीचा प्रवास कसा होतो ते पाहा. गटार तुंबले. नागरिकाने मुकादमाला सांगितले. मुकादम म्हणाला, आरोग्य निरीक्षकांना सांगा. निरीक्षक म्हणाले, हे ड्रेनेजचे काम आहे, अभियंत्यांकडे जा. अभियंता म्हणाला, खर्चाला वरून मंजुरी पाहिजे. फाइल मुख्य कार्यालयात गेली. तेथून शेरा मारून ती परत आली, तोवर पावसाळा संपला. यात प्रत्येकाने आपापले उत्तर दिलेले असते आणि तरीही गटार तुंबलेलेच राहते. राव यांनी शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांना आयुक्तांचे आर्थिक व प्रशासकीय अधिकार सोपवले. आरोग्य, ड्रेनेज, रस्ते, पाणी या साऱ्या खात्यांची विभागातील माणसे त्या एका प्रमुखाच्या हाताखाली आली. आयुक्ताने आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची तरतूद कायद्यात पूर्वीपासूनच होती. ती मनापासून वापरली गेली इतकेच. त्यामुळे 'हे माझ्याकडे येत नाही' असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

दुसरा भाग रोजच्या पाहणीचा. अधिकाऱ्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत कार्यालयात न बसता आपल्या विभागात फिरावयाचे, आणि दुपारी सर्वांनी एकत्र बसून त्या दिवशी दिसलेल्या अडचणींचा निकाल लावावयाचा, असा क्रम ठरला. या पद्धतीला 'एसी टू डीसी' असे नाव पडले. म्हणजे वातानुकूलित खोलीतून दैनंदिन कामाकडे. स्वतः आयुक्त रस्त्यावर असल्यावर निरीक्षकाला घरी थांबता येत नाही आणि निरीक्षक हजर असल्यावर हजेरीपटावर खोट्या सह्या होत नाहीत. शिवाय दुपारी सर्व खाती एकाच टेबलाशी बसल्यामुळे, ज्या पत्रव्यवहाराला महिना लागत असे ते काम दहा मिनिटांच्या बोलण्यात होऊ लागले.

तिसरा भाग मोजदादीचा. शहरात रोज किती कचरा निघतो, त्यातला किती उचलला जातो, कोणत्या रस्त्यावर किती कामगार नेमले आहेत, याचा हिशेब मांडला गेला. पूर्वी निघणाऱ्या कचऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास उचलला जात असे. ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. मुख्य रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली, कारण दिवसा वाहनांच्या गर्दीत रस्ता धड झाडता येत नाही. उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांना दंड होऊ लागला आणि अस्वच्छ उपाहारगृहांना कुलूप लागू लागले.

चौथा भाग रोगाच्या नोंदीचा, आणि तो विशेष महत्त्वाचा आहे. शहरातील सरकारी व खासगी दवाखान्यांकडून ताप, जुलाब, कावीळ यांच्या रुग्णांची माहिती रोजच्या रोज गोळा केली जाऊ लागली. समजा, एखाद्या गल्लीत चार दिवसांत जुलाबाचे दहा रुग्ण झाले. याचा अर्थ तेथे पिण्याच्या पाण्याच्या नळात कोठेतरी गटाराचे पाणी शिरत आहे. आकडा कळताच त्याच दिवशी माणूस पाठवून गळती शोधता येते. आकडा महिन्याने कळला, तर तो फक्त अहवालात छापण्याच्या उपयोगाचा असतो. सुरतेने प्लेगपासून घेतलेला हा सर्वांत टिकाऊ धडा म्हणता येईल.

पाचवा भाग समान न्यायाचा. अतिक्रमणे हटवताना नेहमी हातगाडीवाला व झोपडीवाला प्रथम उठवला जातो आणि मोठ्यांच्या बांधकामापुढे हातोडा थांबतो. सुरतेत सुरुवातीलाच वजनदार लोकांच्या बेकायदा बांधकामांना हात घातला गेला. त्यामुळे, कायदा सर्वांना सारखा लागतो, असा लोकांचा विश्वास बसला आणि पुढे रस्तारुंदीसाठी अनेकांचे सहकार्य मिळाले. झोपडपट्ट्यांतही फरसबंदी, गटारे, पाणी, दिवे आणि शौचालये देण्याचे काम हाती घेण्यात आले.

एका माणसाचे श्रेय किती?

असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो की, हे सारे एका कर्तबगार अधिकाऱ्यामुळे झाले, तर आपल्या शहराने तशा अधिकाऱ्याची वाट पाहत बसावे काय?

राव यांची धडाडी कोणी नाकारणार नाही. परंतु इतर कारणेही विसरता कामा नयेत. प्लेगने शहराच्या अब्रूचे व व्यापाराचे जबर नुकसान झाले होते, त्यामुळे व्यापारी, डॉक्टर आणि सामान्य नागरिक सारेच बदलास राजी होते. कारखानदारीमुळे जकातीचे उत्पन्न चांगले होते, म्हणजे हाती पैसा होता. आणि १९९७ साली राव यांची बदली झाल्यानंतरही त्यांनी घालून दिलेले बरेचसे काम चालू राहिले. याचे कारण ते काम रोजच्या शिरस्त्यात, कामगारांच्या पाळ्यांत आणि नोंदवह्यांत उतरले होते. भाषणाने आलेली जाग भाषण संपल्यावर ओसरते. दिनक्रमात आणि वहीत उतरलेले काम अधिकारी बदलला तरी सहसा मोडत नाही.

त्यानंतर सुरतेवर पुन्हा मोठे संकट आले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. परंतु पाणी ओसरल्यावर सफाई, जंतुनाशक फवारणी आणि रुग्णांची तपासणी यासाठी यंत्रणा तयार होती आणि १९९४ सारखी साथ पसरली नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या पुढे गेली. २०१४ साली बमरोली येथे सांडपाण्यावर अधिक प्रक्रिया करून ते पांडेसरा येथील कारखान्यांना पुरवण्याची योजना सुरू झाली. कारखान्यांनी तेवढे पिण्याचे पाणी वापरावयाचे नाही, आणि महापालिकेला सांडपाण्याचे दाम मिळावयाचे, असा हा दुहेरी लाभ आहे. पुण्या-मुंबईच्या परिसरात जेथे कारखाने आणि वस्त्या एकाच नदीच्या पाण्यावर जगतात, तेथे हा विचार करण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक मिळाला.

नाण्याची दुसरी बाजू

येथवर वाचून सुरत म्हणजे आदर्श नगरी, असा समज कोणी करून घेऊ नये. कोणत्याही शहराची सुधारणा तपासताना आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. शहर स्वच्छ झाले, पण ज्यांची झोपडी त्या शहरात होती ते कोठे गेले? आणि शहर स्वच्छ झाले, पण ते ज्यांच्या हातांनी झाले त्यांच्या पदरात काय पडले?

पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत, २००६ च्या पुरानंतर तापीकाठच्या अनेक झोपडीवासीयांना शहराच्या कडेला कोसाड येथील पक्क्या घरांत हलवण्यात आले. पक्के घर मिळाले ही चांगली गोष्ट झाली. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याचे घर कामापासून दूर गेले, तर बसभाड्यात मजुरी जाते आणि घरकाम करणाऱ्या बाईचे काम सुटते. म्हणून पुनर्वसनाच्या योजनेत घराच्या चौरस फुटांबरोबर कामाचे अंतरही मोजले पाहिजे.

दुसरा प्रश्न तर थेट आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कोणत्याही महापालिकेची आरोग्य कोठी पाहा. पहाटे झाडू, फावडे व घमेले घेऊन हजेरीला उभे राहणारे बहुसंख्य स्त्री-पुरुष कोणत्या समाजातले असतात, हे सांगावयास नको. १९९० नंतर देशभर कचरा वाहतुकीची कामे कंत्राटदारांकडे देण्याची प्रथा वाढली. सुरतेतही सुधारणेच्या काळात खासगी कंत्राटदार आले. कंत्राटामुळे गाड्या वेळेवर निघू लागल्या असतील. परंतु अनेक शहरांत कंत्राटी कामगाराला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, हातमोजे, गमबूट यांसाठी भांडावे लागते. मुंबई महापालिकेत अशा २७०० कंत्राटी सफाई कामगारांनी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला.

गटारात उतरून गुदमरून मरणाऱ्या माणसांची गोष्ट याहून भयंकर आहे. हाताने मैला वाहून नेण्यास मनाई करणारा कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली अधिक कडक कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी, १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. महाडच्या ठरावाची जी गत झाली तीच येथे या कायद्याची होत आहे. म्हणून ड्रेनेज साफ करण्याचे यंत्र आपल्या विभागात आहे काय, असल्यास ते चालू आहे काय, हा प्रश्न आपण वरचेवर विचारला पाहिजे.

कंत्राटदाराला पर्याय नसतो, असेही नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ साली उभी राहिली. या कामात प्रामुख्याने दलित समाजातील स्त्रिया होत्या. पुढे त्याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन होऊन पुणे महापालिकेबरोबर करार झाला. ज्या स्त्रिया उकिरड्यावर वाकून कचरा वेचत होत्या, त्या ओळखपत्र लावून दारोदार वर्गीकृत कचरा गोळा करू लागल्या आणि त्याचे दर महिन्याचे शुल्क त्यांच्या हाती पडू लागले. त्यांचेही प्रश्न संपलेले नाहीत. परंतु शहराची सफाई आणि सफाई करणाऱ्याचा मान या दोन गोष्टी बरोबर नेता येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या हाती काय आहे?

सुरतेत बदल वरून खाली आला. आपल्याला तो खालून वर न्यावयाचा आहे. त्यासाठी कायद्याने काय दिले आहे ते पाहू.

घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना आरक्षण दिले आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय नमूद केले. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या स्थापन करणे तिने बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या कायद्यात या प्रभाग समितीवर नगरसेवकांखेरीज, त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे तीनपर्यंत सभासद नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. आपल्यासारख्या नोंदणीकृत संस्थांनी हे नीट वाचावे. ही जागा बहुधा राजकीय पक्षांचे कार्यकर्ते पटकावतात, कारण ती मागणारी संस्थाच पुढे येत नाही.

निवडून आलेल्या सभागृहाचे महत्त्वही ओळखले पाहिजे. २०२२ नंतर काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांची मुदत संपूनही निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात तक्रार घेऊन कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न अनेक वस्त्यांना पडला. कार्यक्षम अधिकारी हवाच, परंतु त्याला जाब विचारणारा लोकप्रतिनिधीही हवा.

पैशाकडे लक्ष देणे हीसुद्धा आपलीच परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावास त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज महापालिकेच्या अंदाजपत्रकात दुर्बल व मागासवर्गीय घटकांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावयाचा असतो. दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखल्या गेलेल्या शासकीय योजनेचा निधीही येतो. तो आपल्या वस्तीत खर्च झाला, की भलत्याच ठिकाणी कमान उभारण्यात गेला, की न खर्चता परत गेला, हे शोधणे फार अवघड नाही.

त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे साधन आहे. अर्जाला १० रुपयांचे शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. म्हणून प्रश्न नेमका असावा. 'आमच्या भागात कामे का होत नाहीत?' असे विचारल्यास काहीच हाती लागत नाही. 'अमुक गल्लीतील गटाराच्या कामाचा आदेश कोणत्या तारखेचा आहे, रक्कम किती, ठेकेदाराला किती रक्कम अदा झाली?' असे विचारल्यास उत्तर टाळता येत नाही. याशिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अनेक दाखले व परवानग्या ठरावीक दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१३ साली 'सारथी' ही दूरध्वनी हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा कोणत्या कामासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि कोणाकडे जावे, याची माहिती सामान्य माणसाला घरबसल्या मिळू लागली. दलालाचे पोट अज्ञानावर भरते. माहिती उघड झाली की त्याचे निम्मे काम संपते.

वस्तीची वही

शेवटी सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. सुरतेने जे केले त्याचा गाभा रोज पाहणे, लिहून ठेवणे आणि जबाबदार माणूस ठरवणे एवढाच आहे. हे काम करण्यास आयुक्त असावे लागत नाही. प्रत्येक विहारात किंवा समाजमंदिरात वस्तीची एक वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर आपल्या भागाचे मुकादम, आरोग्य निरीक्षक, कनिष्ठ अभियंता, प्रभाग अधिकारी व नगरसेवक यांची नावे आणि कार्यालयाचे क्रमांक लिहावेत. पुढील पानांवर तारीख, तक्रार, कोणाला दिली, पोच मिळाली का, काम कधी झाले, असे रकाने आखावेत. तक्रार तोंडी न देता लेखी द्यावी आणि आवक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये. नववी-दहावीपासूनच्या मुला-मुलींनी आळीपाळीने ही वही सांभाळावी. वस्तीत ताप-जुलाबाचे रुग्ण किती झाले, त्याचीही नोंद करावी. ती नोंद वस्तीतील आजीबाई आणि आशा सेविका उत्तम प्रकारे देऊ शकतात.

सहा महिन्यांनी ती वही घेऊन पाच जणांनी प्रभाग कार्यालयात जावे. 'साहेब, काहीतरी करा' असे म्हणणाऱ्याला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. तारीखवार बावीस तक्रारी आणि त्यांतील सतरा प्रलंबित, असा कागद पुढे ठेवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आणि त्याच वहीत एक रकाना आपल्या गल्लीतील सफाई कामगारांसाठीही असावा : त्यांना हातमोजे मिळाले का, पगार वेळेवर झाला का, चेंबरमध्ये माणूस उतरवला गेला का. आपल्या दारची सफाई मागताना ती करणाऱ्या माणसाची बाजू आपण सोडली, तर ती मागणी अर्धीच राहील.

चवदार तळ्याकडे निघालेल्या आपल्या पूर्वजांच्या हाती नगरपालिकेचा एक ठराव तेवढा होता. आपल्या हाती घटना, मताधिकार, माहितीचा अधिकार आणि लिहिता-वाचता येणारी पिढी आहे. या साधनांचा उपयोग या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी, आपल्याच गल्लीतील गटारापासून सुरू व्हावा.